फोटो आधी उतरवा, वाद मागाहून

प्रश्न : मावशी, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. माझे मिस्टर फौजेत हवालदार आहेत. सध्या उत्तरेला उंचावर आहेत, याहून जास्त लिहीत नाही. घरी मी, सासूबाई, सासरे आणि आठवीतला मुलगा. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. तेही फौजेतून रिटायर झालेले, श्रीलंकेत शांतिसेनेत होते. धाकटे दीर पुण्यात आयटीत आहेत. माणूस वाईट नाही. सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची सगळी धावपळ त्यांनीच केली. पण ऑपरेशन सिंदूर झाल्यापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचं एकच चालू असतं. कुठलं क्षेपणास्त्र कोणी पाडलं, कुठलं विमान भारी, रोज काहीतरी. मध्यंतरी त्यांनी लिहिलं, 'इथून पुढची लढाई ड्रोन आणि एआय करणार. रायफल देऊन माणसं बर्फात उभी करणं म्हणजे निव्वळ पैशाची नासाडी.' आबा भडकले. म्हणाले, मोबाईलवाल्यांना फौज काय कळणार, मोबाईलनेच फौज बिघडवली. शब्दाने शब्द वाढला आणि आबा ग्रुपमधून बाहेर पडले. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. मुलाने ते सगळं वाचलं आणि मला विचारलं, 'मम्मी, पप्पांचं काम आता मशीन करणार का?'

आणखी एक. यांनी तिकडून एक फोटो पाठवला होता, तो मी कौतुकाने ग्रुपवर टाकला. भावजींनी तो स्टेटसला ठेवला, खाली जागेचं नाव लिहून, आणि त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवरही दिला. भिशीला गेले की बायका म्हणतात, 'तुम्हाला काय बाई, कँटीनचं सामान, वर पेन्शन,' आणि परत युद्ध होणार का तेही मलाच विचारतात. मी बारावी शिकलेली, मला यातलं काही कळत नाही. बोलावं की गप्प बसावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अगं, तुझ्या पत्रात चार भांडणं एकमेकांत गुंतली आहेत आणि तू ती एकदमच सोडवायला बसली आहेस. त्यातलं एकच आजच्या आज मिटवायचं आहे, ते फोटोचं. बाकीची दोन दिवस थांबली तरी कोणाचं काही बिघडत नाही.

भावजींना फोन लाव. मेसेज नको, फोनच. ग्रुपवर तर मुळीच नको. म्हणावं, 'भावजी, दादांचा तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवरून काढून टाका. आधी मीच टाकला होता, त्यामुळे तुमच्यावर राग नाही. पण खाली जागेचं नाव गेलंय, ते बरं नाही झालं.' एवढंच. स्टेटस २४ तासांत आपोआप गेलं असेल. ग्रुपवरचा फोटो सगळ्यांसाठी पुसायची मुदत कदाचित टळली असेल. तसं असेल तर भावजींनी त्या ग्रुपवर सरळ लिहावं की हा फोटो कृपा करून पुढे पाठवू नका, आपल्या फोनमधूनही काढा. समजूतदार लोक ऐकतात. आणि हे सगळं यजमानांच्या कानावर घाल. त्यांना काळजी नको म्हणून लपवशील, तर ते चूक होईल. पलटणीत याबाबतचे नियम असतात, पुढे काय करायचं ते त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तू मुद्दाम काही केलेलं नाहीस. नवऱ्याचा बर्फातला फोटो आला की कोणत्या बायकोला तो चार माणसांना दाखवावासा वाटणार नाही?

पण एवढं काय मोठं झालं, असं भावजी विचारतील. ते आयटीतले, त्यांना कारण दिल्याशिवाय पटायचं नाही, आणि ते रास्तच आहे. ते म्हणतील, व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्यातली लोकेशनची माहिती गळून पडते. खरं आहे. पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती माहिती जशीच्या तशी जाते, आणि घाईगडबडीत कोण कसं पाठवतं ते कोणी बघत नाही. शिवाय मागे डोंगराची कड दिसते, रस्त्यावरची पाटी दिसते, बंकरचा आकार दिसतो. उपग्रहाचे नकाशे आज कोणालाही उघडता येतात. डोंगराच्या रेषेवरून जागा हुडकणारी माणसं जगभर आहेत, काही तर हौसेने करतात. आणि इथे तर हुडकायचीही गरज उरली नाही, नाव आपणच लिहून दिलं.

भावजींना स्ट्रावाची गोष्ट आठवत असेल. धावणाऱ्या-सायकल चालवणाऱ्यांचं ते ॲप. त्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस जगभरच्या वापरकर्त्यांच्या वाटा उजळून दाखवणारा नकाशा मोठ्या कौतुकाने प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की सीरिया आणि अफगाणिस्तानातल्या अंधाऱ्या वाळवंटात मधेच चौकोन उजळलेत. ते होते परदेशी सैन्याचे तळ. सकाळी तळाभोवती धावणाऱ्या जवानांनी मनगटावरच्या घड्याळाने स्वतःच्या तळाची हद्द आखून दिली होती. कोणी हेरगिरी केली नव्हती, कोणी फितूर नव्हतं. आपल्या लष्करानेही जुलै २०२० मध्ये जवानांना आणि अधिकाऱ्यांना ८९ ॲप फोनवरून काढायला लावली. त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. तुझ्या यजमानांनी तेव्हा खातं बंद केलं असेल तर त्याचं कारण हेच. ते पाळतात आणि आपण घरचे मात्र त्यांच्या नावाने स्टेटस ठेवतो, हे बरोबर नाही ना?

आणि मुंबईकरांना, पुणेकरांना तर २६/११ विसरता येत नाही. ताज आणि नरिमन हाउसच्या बाहेरून चॅनेलवाले कमांडोंच्या हालचाली थेट दाखवत होते, आणि पलीकडे बसलेले सूत्रधार ते टीव्हीवर बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या निकालात त्या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २६ एप्रिल २०२५ ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, सरकारने माध्यमांना लष्करी हालचालींचं थेट चित्रण करू नका असं बजावलं, तेव्हा त्यात कारगिल, २६/११ आणि कंदाहार यांचे दाखले होते. २६/११ च्या वेळी हे फक्त कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या चॅनेलांना सांगावं लागायचं. आज तो कॅमेरा तुझ्या-माझ्या हातात आहे, म्हणून आपल्यालाही लागू.

एक अजून, फोटोचा विषय निघालाच आहे तर. अनोळखी नंबरवरून फोन येतो, 'रेकॉर्ड ऑफिसमधून बोलतोय, साहेबांची पलटण सध्या कुठे आहे, कधीपासून आहे, रजा कधी?' बोलणारा गोड बोलतो, रँक बरोबर सांगतो. जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला तुझ्या नवऱ्याचा पत्ता तुझ्याकडून विचारायची गरज पडत नाही. 'कागदाने विचारा' म्हणून फोन ठेव आणि यजमानांना तो नंबर कळव. सासूबाईंनाही हे सांगून ठेव, कारण दुपारी घरात फोन उचलणारं माणूस बहुधा त्याच असतात.

आता पोराचा प्रश्न. मला तो सगळ्यात मोलाचा वाटला. 'छे रे, असं काही नसतं,' म्हणून त्याला वाटेला लावू नकोस. त्याच्या काकांच्या बोलण्यात निम्मं तथ्य आहे आणि पोराला ते कळायला हवं. उरलेलं निम्मं कुठे चुकतं तेही कळायला हवं.

तथ्य असं की ड्रोन आता खेळणं राहिलेलं नाही. युक्रेनची लढाई सगळ्यांनी बघितली. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, पाकिस्तानने एका रात्रीत ३०० ते ४०० ड्रोन ३६ ठिकाणी पाठवले, असं आपल्या लष्कराने पत्रकार परिषदेत सांगितलं. जुलै २०२५ मध्ये द्रासला कारगिल विजय दिवसाच्या दिवशी लष्करप्रमुखांनी जाहीर केलं की पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये ड्रोनची स्वतंत्र प्लाटून असेल. १५ जानेवारी २०२५ ला लष्कर दिनाचं संचलन पहिल्यांदाच पुण्यात झालं, तेव्हा चार पायांची यंत्रं जवानांच्या बरोबरीने चालत गेली. त्यांना रोबोटिक म्यूलच म्हणतात, म्हणजे यंत्राचं खेचर. ते ओझं घेऊन चढण चढतं, पायऱ्या चढतं. भावजी पुण्यातच आहेत, त्यांनी बघितलं असेल. तेव्हा यंत्रं आलीत, आणखी येतील, आणि यायलाच हवीत. बर्फात पन्नास किलो पाठीवर घेऊन चढणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांना विचार यंत्र हवं की नको.

पण प्लाटून म्हणजे काय, हे पोराला विचार. प्लाटून म्हणजे तुकडी, आणि तुकडी माणसांची असते. ड्रोन बटालियनमध्ये आला तो जवानाच्या हातात आला. तो उडवायला, त्याचं चित्र वाचायला, पडला तर आणायला, बॅटरी ऊबदार ठेवायला माणसं लागतात.

बॅटरीवरून आठवलं, हा प्रयोग त्याच्याबरोबर घरीच कर. विजेरीचे दोन साधे सेल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी पुसून विजेरीत घाला. उजेड मंद पडलेला दिसेल. मग तेच सेल मुठीत धरून, पोटाशी धरून गरम होऊ द्या आणि परत लावून बघा, उजेड सुधारतो. थंडीत सेलच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, एवढंच त्यामागचं कारण. घरचा फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो. सियाचिनला हिवाळ्यात पारा उणे ४० च्याही खाली जातो. तिथे ड्रोनच्या बॅटरीची काय गत होत असेल ते त्याचं तोच सांगेल. दुसरं, हवा. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा होतो. विरळ हवेत पंख्याची पाती कितीही फिरली तरी त्यांना रेटायला हवाच कमी, म्हणून ड्रोन ओझं कमी उचलतो. त्याच कारणाने तिथे पाणी ८२ अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, कुकर लागतोच. आठवीच्या पोराला विज्ञानाच्या पुस्तकातला दाब आणि उकळबिंदू पप्पांच्या जेवणाच्या ताटापर्यंत नेऊन दाखवलास तर तो धडा तो विसरणार नाही. तू म्हणतेस मला यातलं काही कळत नाही. कुकर रोज लावणाऱ्या बाईला दाब कळत नाही, हे मी मान्य करणार नाही.

आणि मग त्याला २०१६ सालची गोष्ट सांग. तुमच्याच जिल्ह्याचा तिच्याशी संबंध आहे. ३ फेब्रुवारीला सियाचिनवर १९ हजार ६०० फुटांवरची एक चौकी हिमकड्याखाली गाडली गेली. दहा जण होते. त्यात माण तालुक्यातल्या मस्करवाडीचा एक नर्सिंग असिस्टंटही होता, म्हणजे इतरांची औषधपाण्याची काळजी घेणारा जवान. शोध कसा घेतला ते बघ. बर्फाच्या आत डोकावणारं रडार हेलिकॉप्टरने वर नेलं. ते यंत्र लागलंच, त्याच्याशिवाय कुठे खणायचं तेच कळलं नसतं. त्याच्या जोडीला वास काढणारे कुत्रे होते. आणि दगडासारखा टणक निळा बर्फ कापायला माणसं, रात्रंदिवस, आळीपाळीने. सहाव्या दिवशी पंचवीस-तीस फूट खालून लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी इस्पितळात ते गेले. बाकीचे नऊ जण तिथेच गेले होते. या गोष्टीत रडार वजा करून बघायला पोराला सांग, मग कुत्रे वजा करून, मग माणसं. काकांना आणि आबांना, दोघांनाही यात आपापलं उत्तर सापडेल.

कारगिलचंही तसंच आहे. टायगर हिलवर जून १९९९ मध्ये मिराज विमानांनी लेझरने नेम धरणारे बॉम्ब टाकले, खालून बोफोर्स तोफांनी कडे भाजून काढले. तेव्हाचं ते सगळ्यात नवीन तंत्र. तरी ४ जुलैला शिखर हाती आलं ते रात्रीच्या अंधारात दोर लावून कडा चढलेल्या जवानांमुळे. कारगिलच्या सबंध लढाईत आपले ५२७ जण गेले. तोफा आणि विमानं नसती तर हा आकडा केवढा झाला असता, याचा विचार आबांनी करावा. माणसं चढली नसती तर शिखर कोणाकडे राहिलं असतं, याचा विचार भावजींनी करावा.

गलवानचं मात्र जपून सांग, मूल लहान आहे. १५ जून २०२०. वर उपग्रह, खाली दोन्हीकडे क्षेपणास्त्रं, आणि १९९६ च्या करारामुळे ताबारेषेजवळ गोळीबार करायचा नाही असं ठरलेलं. आपले २० जवान दगड आणि काठ्यांच्या झटापटीत, बर्फाच्या पाण्याच्या नदीकाठी गेले. लढाई कशी होईल हे दरवेळी यंत्र ठरवत नाही, एवढंच त्यातून त्याच्या कानावर पडू दे.

मला स्वतःला सगळ्यात बोलकी वाटते ती एल-७० तोफ. मूळ स्वीडनच्या बोफोर्स कंपनीची, ४० मिलिमीटरची, आपल्याकडे १९६० च्या दशकात आलेली. आबा भरती व्हायच्या आधीची! तिला भारत इलेक्ट्रॉनिक्सने नवं रडार, कॅमेरे आणि लक्ष्य आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा बसवली, आणि मे २०२५ मध्ये नव्यातले नवे ड्रोन पाडायला तीच पुढे होती. नळी आजोबांच्या वयाची, डोळे नातवाच्या वयाचे, आणि मागे बसलेला तोफची तुझ्या नवऱ्याच्या वयाचा. हे वाक्य पोराला तसंच्या तसं सांगितलंस तरी चालेल.

मग त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर दे : काही कामं मशीन करील. ओझं वाहील, डोंगरापलीकडे डोकावील, रात्रीचा पहारा सोपा करील, आणि त्याने पप्पांचा धोका कमी होईल. पण ही जागा आमची आहे असं सांगायला तिथे माणूस उभा असावा लागतो, आणि ते काम पप्पा करतात. त्याला ड्रोनचंच वेड असेल तर तेही चांगलं आहे. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, १९७७ पासून ती मुलांना एनडीएसाठी, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीसाठी, तयार करते. तिची प्रवेश परीक्षा असते. फौजेत जाऊनही यंत्रांत रमता येतं. संदेशवहन सांभाळणारं सिग्नल्स आहे, यंत्रांची देखभाल करणारं ईएमई आहे, हवाई संरक्षण दल आहे. नाही गेला तरी बिघडत नाही. पुण्याच्या पाषाणला एआरडीई ही शस्त्रं घडवणारी सरकारी संशोधन संस्था आहे. पिनाक रॉकेट आणि नवी एटॅग्ज तोफ तिथल्या शास्त्रज्ञांनी घडवली. गणवेश न घालताही जवानाच्या पाठीशी उभं राहता येतं, हे त्याला आठवीतच कळलं तर काकांचं आणि पप्पांचं काम त्याला एकमेकांविरुद्ध वाटणार नाही.

ग्रुपवर येणाऱ्या व्हिडिओंबद्दल एकच नियम त्याला शिकव. कोणाचं विमान पडलं, कुठे स्फोट झाला असा व्हिडिओ आला की लगेच पुढे पाठवायचा नाही. त्या मे महिन्यात 'आर्मा ३' नावाच्या व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून देशभर फिरली. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की हा खेळ आहे. गेम ओळखण्यात तुझं पोरगं घरातल्या सगळ्या मोठ्यांपेक्षा हुशार निघेल, त्याला ते काम दे.

भिशीचं थोडक्यात सांगते. 'युद्ध होणार का' म्हणून विचारलं तर म्हण, 'सरकार जाहीर करील तेव्हा तुमच्याबरोबरच मला कळेल.' ते खरंच आहे आणि त्यात कोणाचा अपमान नाही. 'हे कुठे आहेत, रजेवर कधी येणार' असं विचारलं तर, 'बरे आहेत, फोन येतो,' एवढं पुरे. कँटीन आणि पेन्शनच्या बोलण्याला मात्र गप्प बसू नकोस, कारण तिथे लपवण्यासारखं काही नाही. बहुतेक जवान चाळिशीच्या आगेमागे घरी येतात, जेव्हा बाकीच्यांचा पगार कुठे वाढायला लागलेला असतो. मग त्या वयात दुसरी नोकरी शोधायची, मुलं ऐन शिक्षणात. त्याआधीची वर्षं बायकोने एकटीने काढलेली असतात. तापाने फणफणलेलं पोर, सासूचं दुखणं, शाळेतली पालकसभा. यातलं एखादं, तुझ्या घरचं, शांतपणे सांग. बायका दुष्टपणाने बोलत नाहीत, त्यांना साबणाचा दर दिसतो आणि बाकीचं दिसत नाही. कोणीतरी सांगितलं तरच दिसणार.

राहिले आबा आणि भावजी. साताऱ्यात फौजेवर मत नसलेलं घर सापडणं अवघड. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे ४६ जण कामी आले, आणि गाव आजही मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं. तेव्हा भावजी मत देतात यात वावगं काही नाही, कर भरणाऱ्याला फौजेवर किती खर्च व्हावा यावर बोलायचा हक्क आहे. त्यांनी वापरलेला शब्द चुकला. 'नासाडी' हा शब्द ज्याचा भाऊ तिथे उभा आहे त्याने, बाप वाचतोय तिथे, लिहायला नको होता. हे त्यांना फोटोच्या फोनवर सांगू नकोस. ते गावी आले की चहा देताना एकटे गाठून सांग. वहिनीने समोरासमोर सांगितलेलं दीर सहसा टाकत नाही.

आबांचा राग ड्रोनवर नाही, असं मला वाटतं. श्रीलंकेहून आलेल्या माणसांच्या वाट्याला काय आलं ते आठव. १९८७ ते १९९० या काळात तिथे आपले अकराशेहून अधिक जवान मारले गेले. बाकीचे परत आले तेव्हा ना मिरवणूक ना चर्चा. देशाने तो विषयच मिटवून टाकला. ज्याच्या तरुणपणाची कोणी विचारपूस केली नाही, त्याला मुलाने 'माणसं उभी करणं म्हणजे नासाडी' म्हटल्यावर काय ऐकू आलं असेल? म्हणून आधी त्यांना बोलतं कर. नातवाला त्यांच्याजवळ बसव आणि जाफन्याबद्दल विचारायला सांग. ११ ऑक्टोबर १९८७ ची रात्र आबांना माहीत नसेल असं होणार नाही. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने आपले जवान उतरवले, आणि तमिळ वाघ आधीच दबा धरून बसले होते, कारण आपलं रेडिओवरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. शीख लाइट इन्फंट्रीची जी तुकडी उतरली ती जवळजवळ सगळी मारली गेली.

म्हणजे फोटोखाली जागेचं नाव का लिहायचं नाही, हे तुझ्या घरात सगळ्यात चांगलं कोण सांगू शकतं, तर आबा. आणि फोनमध्ये काय बंद करायचं, काय पुसायचं, हे सगळ्यात चांगलं कोणाला येतं, तर भावजींना. हे काम दोघांना मिळून दे. वादावर बोलायला बसवू नकोस, तो दोघांपैकी कोणीच जिंकणार नाही आणि जिंकायची गरजही नाही. भावजी आले की म्हण, 'आबा, दादांबद्दल आपण घरच्यांनी काय टाकायचं, काय नाही, ते एकदा तुम्ही ठरवून द्या. भावजी, तुम्ही सगळ्यांचे फोन हातात घेऊन तसं करून द्या.' कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करणं, फोटो आपोआप कुठे कुठे जातात ते बघणं, सासूबाईंच्या फोनवरची नको ती ॲप काढणं, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आबा सांगतील, भावजी करतील, पोरगं मधे लुडबुड करील. आबांना ग्रुपवर परत घ्यायचं की नाही, ते त्यांचं ते ठरवतील. तू तो विषय काढूच नकोस.